शिक्का माझाच

राष्ट्रीय ड्रॅग रेसिंग महासंघाने स्वतःचा इतिहास छापला आहे. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, आणि एका हाताने उचललं तर मनगट दुखेल एवढं वजन. त्याच्या एकसष्टाव्या पानावर एक वाक्य आहे: ‘सदर मृत्यू हा तांत्रिक निरीक्षकाने गाडी उघडून न पाहता शिक्का लावल्यामुळे झाला, असे निरीक्षकाने स्वतः मान्य केले.’ निरीक्षकाचं नाव छापलेलं नाही. आमच्या शहरात ते छापायची गरजही नाही, शेंबडं पोरही सांगेल. तो माझा थोरला भाऊ.

ते वाक्य खोटं आहे. सगळ्यात आधी ते टाइप केलं मी, आणि टाइप करतानाच मला ठाऊक होतं की ते खोटं आहे.

दादा जाऊन दोन महिने झाले. त्याच्या नावावरचा डाग त्याच्या हयातीत पुसणं एकट्या माझ्या हातात होतं, आणि मी ते केलं नाही. म्हणून आधी दादा कसा होता ते सांगते आणि मग मी काय केलं ते. उलट क्रमाने सांगितलं तर लोक माझ्याबद्दलच बोलत बसतील, आणि दादाबद्दल आजवर जेवढं बोलले तेवढंच राहील.

दादा पाणीपुरवठ्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता. पंपाचे शाफ्ट, झडपा, नळांचे जोड, जे काही गोल आणि लोखंडी असेल ते त्याच्या लेथवरून जायचं. तो डावखुरा होता, आणि लेथ बनवणाऱ्यांनी डावखुऱ्यांचा विचार केलेला नसतो. त्यामुळे तो मशीनपुढे जरा तिरका उभा राहायचा. फोरमन म्हणायचा, “तू काम करायला उभा आहेस की तिच्याशी भांडायला?” त्याच्या शर्टाच्या खिशात एक लहानशी पितळी हातोडी असायची. कुठलीही वस्तू हातात आली की तिच्यावर टकटक करून कान लावायचा. चहाचा कपही सुटला नाही. “ह्याला तडा आहे,” म्हणायचा, आणि चार दिवसांनी त्या कपाचा कान हातात यायचा. आई चिडायची, “तडा नव्हता रे, तुझी जीभच काळी आहे.” वर्कशॉपमध्ये त्याचं नाव टकटक पडलं आणि ते जन्मभर चिकटलं.

त्या काळी शर्यती व्हायच्या त्या शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर, सिमेंटच्या कारखान्यापासून जकात नाक्यापर्यंत. रविवारी दुपारी कारखान्याचे ट्रक बंद असत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, मध्ये कुणीतरी रुमाल खाली टाकायचा, आणि रंगवलेल्या खांबापाशी जो आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, फेरी नाही. शिंक आली तर शर्यत चुकायची. आमचे हे बस डेपोत मेकॅनिक होते आणि ह्या वेडात गळ्यापर्यंत बुडालेले. मी लग्नानंतर पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा विचारलं, “एवढ्यासाठी आठवडाभर गाडीखाली लोळता?” हे म्हणाले, “हो.” ह्यांचा आणि माझा ह्या विषयावरचा सगळा संवाद एवढाच.

मग एका रविवारी सायकलवरून जाणाऱ्या एका शाळामास्तरांना गाडीने उडवलं. मास्तर वाचले, पण खुब्यातून कायमचे गेले. फौजदार आला. सगळ्यांना वाटलं आता कोठडी. तो हुशार निघाला. त्याने सगळ्यांना नदीपलीकडच्या बंद पडलेल्या विमानपट्टीवर नेलं आणि म्हणाला, “मरायचंच असेल तर इथे मरा. माझ्या रस्त्यावर नको.” आमच्या खेळाचा पाया अशा उदात्त विचारावर घातला गेला. इतिहासाच्या पुस्तकात तिथे ‘प्रशासनाच्या सहकार्याने’ असं लिहिलंय.

पट्टी मिळाली म्हणजे क्लब आला, क्लब आला म्हणजे कागद आले, आणि कागद आले म्हणून मी आले. मी नगरपालिकेत टायपिस्ट होते. क्लबचं ऑफिस म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीतलं माझं लोखंडी कपाट. अध्यक्ष एक सिमेंटचे व्यापारी झाले, कारण त्यांचा आवाज माइकशिवाय पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जायचा. आणि गाड्या सोडायला उभा राहायचा झेंडेवाला. तो पोस्टमन होता. उंच, काटकुळा, सायकल चालवून पायाच्या नुसत्या दोऱ्या झालेल्या. दोन गाड्यांच्या मध्ये, थोडा पुढे उभा राहायचा, दोघांच्या डोळ्यांत बघायचा आणि झेंडा घेऊन अशी उडी मारायचा की बायका-मुलं गाड्यांपेक्षा त्यालाच बघायला यायची. म्हणायचा, “आठवडाभर मी पोचवतो, रविवारी नुसता सोडतो. पोचणं ज्याचं त्याचं.” त्याची बायको पट्टीच्या कडेला छत्री घेऊन बसायची आणि त्याने उडी मारली की दर वेळी डोळे मिटायची. तिला वाटायचं, गाडी त्याच्या अंगावरून जाणार.

पहिल्या वर्षी नियम एकच होता: रुमालाऐवजी झेंडा. दुसऱ्या वर्षी चौदा झाले. मला ते सगळे पाठ होते, आणि एक सांगते, प्रत्येक कलमाच्या मागे एक लबाड माणूस उभा असतो. वजनाप्रमाणे गट पाडले, तर एकाने डिकीत ओल्या वाळूची पोती भरून गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली आणि शर्यतीआधी काढून ठेवली. लगेच कलम सहा. एकाने झेंड्याआधीच क्लच सोडायचा आणि ‘पाय घसरला’ म्हणायचं, असं तीन वेळा केलं. कलम सात.

बघता बघता दुसऱ्या शहरांतही असे क्लब निघाले. अकरा झाले. आणि अकरा क्लब म्हणजे अकरा तऱ्हा. ह्या खेळात अंतर चारशे दोन मीटर धरतात. एका शहराचे आकडे असे यायला लागले की आमच्या लोकांची झोप उडाली. शेवटी दादा आणि झेंडेवाला टेप घेऊन तिथे गेले. अंतर भरलं तीनशे साठ. त्यांनी ते सेक्रेटरीच्या पावलांनी मोजलं होतं, एक पाऊल एक मीटर धरून, आणि सेक्रेटरी बुटका होता.

त्यातून महासंघ जन्माला आला. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत अकरा शहरांची माणसं दोन दिवस भांडली. सगळीकडे एकच अंतर, एकच गट, एकच तपासणी, एकच परवाना. कुठल्याही शहरातल्या माणसाची वेळ दुसऱ्या शहरात मान्य. मी पाच कार्बन लावून टाइप करत होते. तांत्रिक कलमं दादाने सांगितली, कारण क्लबमध्ये गाड्या तपासायचं काम पहिल्यापासून त्याच्याकडेच होतं. त्याची सांगायची पद्धत मला आवडायची. एक वाक्य म्हणायचा आणि ओळ संपल्याची टाइपरायटरची घंटी वाजेपर्यंत थांबायचा. बाकीचे सगळे मी हवेत टाइप करते असं समजून बोलत.

कलम नऊ त्याचं. इंजिनाच्या मागे एक जड चाक फिरतं, फ्लायव्हील. ते हलकं केलं की इंजिन झटकन चढतं आणि गाडी सुरुवातीलाच अर्धी लांबी पुढे निघते. म्हणून लोक मूळचं बिडाचं चाक लेथवर घालून पातळ करायचे. बीड वाकत नाही, फुटतं. मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्या घेत असताना फुटलं तर त्याचे तुकडे कशालाही न विचारता आरपार जातात. दादाने दुसऱ्या शहरात एका गाडीचं चाक फुटलेलं पाहिलं होतं. माणूस वाचला, पण शेजारच्या ट्रकच्या टपाला ताटाएवढं भोक पडलं होतं. म्हणून त्याने मला सांगितलं: ‘फ्लायव्हील पोलादाचेच असावे. निरीक्षकाने ते स्वतः उघडून पाहावे व स्वतःच्या हाताने शिक्का लावावा.’

उघडायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, अर्धा दिवस जातो. लोकांनी आरडाओरडा केला. तेव्हा तोड निघाली की हंगामाच्या सुरुवातीला एकदा उघडून बघायचं आणि बाहेरच्या दोन बोल्टांतून तार ओवून, पिळून, तिच्यावर शिशाचा शिक्का दाबायचा, विजेच्या मीटरला असतो तसा. शर्यतीच्या दिवशी फक्त शिक्का शाबूत आहे का बघायचं. शिक्का दाबायची पक्कड एकच होती, आणि दादाच्या हट्टाने ती त्याच्याकडे नव्हती. “तपासणारा आणि पक्कड एका खिशात नकोत,” तो म्हणाला. ती माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. काम असलं की तो येऊन न्यायचा आणि त्याच दिवशी परत आणून द्यायचा. सख्ख्या बहिणीच्या घरी, पण दारातून हात पुढे करून मागायचा, ऑफिसात मागतात तशी.

मग पहिली राष्ट्रीय स्पर्धा ठरली, आमच्या पट्टीवर. क्रीडा खात्याचे अधिकारी बघायला येणार होते. पसंत पडलं तर सरकारी मान्यता. दिव्यांचा खांब आणला होता, पिवळे आणि हिरवा, म्हणजे झेंड्याचं काम संपलं. झेंडेवाला हसून म्हणाला, “बरं झालं, गुडघे दुखायला लागले होते.” पण त्याचं तोंड उतरलं होतं.

शनिवारी दुपारी दादा कामावर होता. हे घरी आले, हात कोपरापर्यंत काळे. म्हणाले, “पक्कड दे.”

“कशाला?”

“ऑइल गळत होतं, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागला. शिक्का तुटला. परत लावायचाय.”

“दादा बघेल ना संध्याकाळी.”

“त्याला सांगितलंय मी. लाव म्हणाला. उगाच त्याला हेलपाटा कशाला?”

दादा असं म्हणणार नाही हे मला माहीत होतं. ज्याने कलम सांगितलं तो माणूस आणि ज्या बाईने ते टाइप केलं ती बाई, दोघांनाही ‘स्वतःच्या हाताने’ ह्याचा अर्थ कळत होता. तरी मी किल्ली काढली. का, ते सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं आता काही उरलं नाही. मला हे जिंकायला हवे होते. सहा वर्षं मी ह्या लोकांचे कागद बडवत होते, आणि एकदा तरी बक्षिसाच्या कागदावर माझं आडनाव टाइप करावं असं मला फार वाटत होतं. मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

ह्यांनी परक्या वर्कशॉपमध्ये बिडाचं चाक पातळ करून घेतलं होतं आणि ते बसवलं होतं.

रविवारी अठ्ठावन्न गाड्या होत्या. दादाने सकाळी सगळ्यांचे शिक्के पाहिले. ह्यांच्या गाडीखाली तो वाकला तेव्हा लाउडस्पीकरवरून अध्यक्ष त्याच्याच नावाने ओरडत होते, काट्यापाशी भांडण लागलं होतं. त्याने शिशावर बोट फिरवलं, शाबूत आहे म्हणाला आणि धावत गेला. तार त्याने पाहिली नाही. एवढीच त्याची चूक, आणि नियमाप्रमाणे ती चूकही नव्हती.

दुपारी दिव्यांचा खांब बंद पडला. अधिकारी मांडवात बसलेले, लोक शिट्ट्या मारतायत. अध्यक्षांनी झेंडेवाल्याला हाक मारली. तो असा उठला जसा काही सकाळपासून त्याच हाकेची वाट बघत होता. त्याने तीन जोड्या सोडल्या. चौथ्या जोडीत हे होते. त्याने उडी मारली, हे सुटले, गाडी त्याच्या शेजारी आली आणि एक आवाज झाला. फार मोठा नव्हता. लोखंडी डबा फरशीवर पडावा तसा. गाडी तिरकी होऊन गवतात गेली. झेंडा अजून हवेत होता आणि झेंडेवाला खाली पडलेला होता. त्याच्या बायकोने नेहमीप्रमाणे डोळे मिटले होते. तिने ते उघडले तेव्हा लोक धावत होते, आणि कुठे धावतायत ते तिला कळत नव्हतं.

तो जागच्या जागी गेला. ह्यांचा डावा पाय घोट्याखालून गेला.

मी इस्पितळातून घरी आले तेव्हा दादा बाहेरच्या खोलीत बसलेला होता. मुलांना शेजारणीने नेलं होतं. त्याने रुमालाची गाठ सोडली आणि तुटलेली तार टेबलावर ठेवली, शिशासकट.

“ही उजव्या हाताने पिळलीय,” तो म्हणाला. “माझा पीळ उलटा असतो.”

तो कपाटाकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

“चाक बिडाचं होतं. तुकडे गोळा केले मी.” मग त्याने विचारलं, “पोरं जेवली का?”

मी म्हटलं, “दादा, मी सांगते सगळ्यांना.”

“काय सांगशील? तो पांगळा होऊन पडलाय. उद्या त्याला पलंगावरूनच कोठडीत नेतील. तुझी नोकरीही जाईल. पोरांना कोण बघणार, मी? मला साधं वरण लावता येत नाही.” त्याने तार परत रुमालात बांधली. “तू काही बोलायचं नाहीस. तू फक्त टाइप कर.”

पाच दिवसांनी त्याच टायरच्या दुकानावरच्या खोलीत चौकशी बसली. मी निरीक्षकाची बहीण आणि चालकाची बायको, तरी टाइप करायला मीच. दुसरं कुणी मिळालं नाही, किंवा टाइप करणाऱ्या बाईला नातं असतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. अध्यक्षांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं. त्यांचं बोलणं मी दाराआडून ऐकलं: “नियम चुकला म्हटलं तर अकराही शहरांतल्या पट्ट्या बंद होतील. माणूस चुकला म्हटलं तर माणूस काढता येतो.” ह्यात त्यांना दादाबद्दल राग नव्हता. हिशेबी माणसाला राग परवडत नाही.

दादा स्वच्छ शर्ट घालून आला. अध्यक्षांनी विचारलं, “शिक्का कुणाचा?”

“शिक्का माझाच.”

मी टाइप केलं. घंटी वाजली. तो थांबला होता. घंटी वाजल्यावर पुढे म्हणाला, “घरची गाडी होती, म्हणून उघडून पाहिली नाही.” परत थांबला. नियम सांगताना थांबायचा अगदी तसा, माझी ओळ पुरी व्हावी म्हणून. मला वाटलं, आता उठावं, कागद ओढून फाडावा आणि ओरडावं. माझी बोटं चालतच राहिली. एकही अक्षर चुकलं नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत एवढा स्वच्छ कागद मी काढला नव्हता, आणि त्याची मला आजही शिसारी येते.

दादाला जन्मभरासाठी काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी स्वतःच्या हाताने टाइप केली, पाच प्रतींत. आणि मग बैल गेला आणि झोपा केला. कलम नऊ-अ: फ्लायव्हीलभोवती पोलादी कवच सक्तीचं. नऊ-ब: नातेवाइकाची गाडी तपासायची नाही. नऊ-क: सुरुवातीच्या रेषेपुढे कुणीही उभं राहायचं नाही. वर्षभरात मान्यता आली. काँक्रीटची पट्टी झाली, प्रेक्षकांचा सज्जा झाला, डॉक्टर आणि अग्निशामक गाडी असल्याशिवाय हिरवा दिवा लागेना. देशभर गुणांचा तक्ता आला, टीव्ही आला. ह्या नियमांनी पुढे कित्येकांचे पाय वाचले असतील. ते मी मोजत नाही, मोजायचा मला हक्क नाही.

निरीक्षकाची कबुली आल्यावर पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली, ह्यांना दोनदा विचारलं आणि सोडून दिलं. हे स्टुलावर बसून रेडिओ दुरुस्त करायला लागले. त्या शनिवारबद्दल आम्ही नवरा-बायको कधी एक शब्द बोललो नाही. ‘मी सांगतो’ असं ह्यांनी कधी म्हटलं नाही आणि ‘सांगा’ असं मी म्हटलं नाही. एका छपराखाली दोघं, आणि दोघांनाही एकमेकांचा इतका राग की भांडायचीही सोय नव्हती.

आणि दादा कामावर जात राहिला. वर्कशॉपमध्ये त्याच्या हातचा शाफ्ट आला की लोक दुसऱ्याकडून परत मोजून घ्यायला लागले. टकटक हे नाव पूर्वी कौतुकाने घ्यायचे, आता त्याच्या मागून बाकावर बोटं वाजवायचे. तो मागे वळून बघत नसे.

सगळ्यात वाईट मात्र वेगळंच होतं. झेंडेवाल्याच्या बायकोला पोस्टात टपाल निवडायचं काम दिलं होतं. दादाचा कामावर जायचा रस्ता पोस्टावरून होता. पहिल्यांदा तो समोर दिसला तेव्हा तिने भर चौकात त्याला शिव्या दिल्या. खुनी म्हणाली, बहिणीच्या नवऱ्यासाठी माझा नवरा खाल्लास म्हणाली, तुझ्या घरात दिवा लावायला कुणी राहणार नाही म्हणाली. दादाने लग्न केलं नव्हतं, ते तिला माहीत होतं. तो सायकलवरून खाली उतरला आणि तिचं संपेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला. दुसरा रस्ता होता, गिरणीमागून. मी त्याला शंभरदा सांगितलं, तिकडून जा. तो म्हणाला, “तिने मग कुणाला बोलायचं?” महिन्यातून दोनदा तरी हे व्हायचं. एकवीस वर्षं. पुढे पुढे ती थकली, दोनच शब्द बोलायची, पण तो उतरायचाच.

एकदा मीही तिथे होते, भाजीची पिशवी घेऊन, चौकाच्या दुसऱ्या कडेला. मी खांबाआड झाले.

हे सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हा माझं घाबरण्याचं कारण संपलं होतं. मुलं मिळवती झाली होती, मी पेन्शनीत होते. मी दादाकडे गेले आणि म्हटलं, “आता मी सांगून टाकते.” तो म्हणाला, “जाऊ दे ग. मेलेल्या माणसाला कशाला उकरतेस. नियम नीट चाललेत ना?” मी त्याच्याकडे परवानगी मागायला गेलेच नव्हते. मी हेच ऐकायला गेले होते. ते मिळालं, आणि मी हलक्या पावलांनी घरी आले.

ह्या हिवाळ्यात तो गेला. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत संपलं. महासंघाकडून कुणी आलं नाही. वर्कशॉपमधले दोन म्हातारे आले.

मग मला कंठ फुटला. मी महासंघाच्या ऑफिसात गेले. आता ते चार मजली आहे, खाली मोठ्या काचेमागे एक जुनी गाडी ठेवलीय. एका गोड बोलणाऱ्या मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि एक फॉर्म पुढे ठेवला. “आजी, चौकशीच्या निकालावर अपील करता येतं. फक्त ते ज्यांच्याविरुद्ध निकाल आहे त्यांनी स्वतः करायचं असतं.”

“तो वारला.”

“मग नाही हो करता येणार,” ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं असावं. ते कलम मीच टाइप केलेलं होतं, अठ्ठाविसावं. मला ते दाखवायची गरज नव्हती.

तिथून मी सरळ झेंडेवाल्याच्या घरी गेले. त्याची बायको पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. तिला आता कमी दिसतं, ताट अगदी डोळ्यांजवळ धरलं होतं. मी कोण ते सांगितलं. तिने ताट खाली ठेवलं नाही.

“तुमचे भाऊ गेले म्हणे,” ती म्हणाली.

“हो. वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पक्कड, किल्ली, बिडाचं चाक, उलट्या पिळाची तार, टाइप केलेला कागद. काही वगळलं नाही. माझं संपलं तरी तिचं बोट तांदळात तसंच होतं.

“त्यांना माहीत होतं?” तिने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग ते ऐकून का घ्यायचे माझं?”

“तुम्हाला कुणालातरी बोलता यावं म्हणून. असं तो म्हणायचा.”

तिने ताट बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. चेहरा नीट दिसत नसावा, कारण ती माझ्या खांद्याकडे बघत होती.

“तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या,” ती म्हणाली. “त्यांना दिलेल्या आता परत कशा घेऊ?”

“मला द्या,” मी म्हटलं. “आता मला द्या, वहिनी.”

“तुला दिल्या म्हणून त्यांच्या कमी होतात होय?”

ती मला बस म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. तिने दार तरी लावून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती तिथेच बसून राहिली, आणि थोड्या वेळाने पदराचा बोळा तोंडाशी धरून रडायला लागली. नवऱ्यासाठी नाही. दादासाठी रडत होती.